‘पुसा’ आणि ‘पाठवा’ शेजारी नकोत : नागपुरात संकेतस्थळे घडवणाऱ्यांना आणि ती मंजूर करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
परसोडीच्या आयटी पार्कमध्ये, मिहानमध्ये आणि शहरातल्या लहानमोठ्या कार्यालयांत बसून संकेतस्थळे व ॲप तयार करणारे डिझायनर आणि डेव्हलपर, तसेच त्यांनी केलेल्या कामाला मान्यता देणारे अधिकारी, संस्थाचालक आणि व्यावसायिक

स. न. वि. वि.

मी नागपुरात वेब डिझाइन शिकवते. माझे विद्यार्थी शिक्षणाचा भाग म्हणून ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांवर जाऊन बसतात आणि लोक स्क्रीनवर नेमके कुठे थांबतात, कुठे मागे वळून विचारतात, याच्या नोंदी ठेवतात. त्या नोंदी वाचताना एक गोष्ट सतत समोर येते. नाव, पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक ही माहिती लोक विचारत-पुसत का होईना, पण नीट भरतात. हात थांबतो तो पानाच्या तळाशी, जिथे तीन-चार बटणे एका ओळीत, एकाच आकारात आणि पुष्कळदा एकाच रंगात उभी असतात. ‘मॅडम, कोणतं दाबू? सगळे सारखेच दिसून राहिले,’ हे वाक्य केंद्रावर बसणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला संगणक येत नाही, असे आपण पटकन म्हणतो. माझे मत वेगळे आहे. पानावरचा बाकी सगळा भाग वाचायचा किंवा भरायचा असतो आणि तो पुन्हा दुरुस्त करता येतो. बटण दाबले की मात्र काहीतरी घडते : अर्ज जातो, पैसे कापले जातात, मजकूर पुसला जातो, मुदत संपलेली असेल तर संधीही जाते. तिथे थांबून विचारणारा माणूस शहाणपणाने वागत असतो आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी त्या पानाची असते. म्हणून बटणाची जागा, आकार, रंग आणि त्यावरचे शब्द हे सर्व ‘हे दाबल्यावर काय होणार’ यावरूनच ठरले पाहिजेत, आणि ते ठरवण्याचे नियम प्रत्येक कामाच्या आदेशात लेखी असले पाहिजेत, एवढीच मागणी घेऊन मी हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत आधी त्या बटणाबद्दल लिहिते, जे मला आपल्याकडच्या फॉर्ममधून पूर्णपणे गेलेले पाहायचे आहे. ‘सादर करा’च्या शेजारी ‘रीसेट’ किंवा ‘पुसा’ असे बटण आजही अनेक पानांवर दिसते. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेत, रीसेट हा बटणाचा प्रकार अगदी सुरुवातीपासून उपलब्ध आहे आणि तो कोणताही प्रश्न न विचारता फॉर्ममधल्या सर्व रकान्यांतील मजकूर मूळ स्थितीला नेतो. गेलेला मजकूर परत आणण्याची सोय ब्राउझर देत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच हे बटण वेबवरच्या बहुतेक फॉर्ममधून काढून टाकावे असे सांगितले होते. तरीही ते टिकून राहिले, कारण जुन्या पानाचा साचा नव्या पानासाठी उचलताना शेवटची ओळ कोणी तपासत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा किंवा शिष्यवृत्तीचा तीस-चाळीस रकान्यांचा अर्ज भरून झाल्यावर तो सगळा एका फटक्यात पुसावा अशी इच्छा कोणाला होते? एखादा रकाना चुकला तर माणूस तो रकाना दुरुस्त करतो. केंद्रचालकाला एका ग्राहकानंतर दुसऱ्याचा अर्ज सुरू करायचा असतो हे खरे, पण त्यासाठी ‘नवा अर्ज’ अशी स्वतंत्र सोय पानाच्या वरच्या बाजूला देता येते, आणि जुना मजकूर मसुदा म्हणून राखून ठेवता येतो. ज्या बटणाचा उपयोग जवळजवळ कोणाला नाही आणि ज्याचा अपघात कोणालाही होऊ शकतो, ते सर्वांत जास्त दाबल्या जाणाऱ्या बटणापासून बोटभर अंतरावर ठेवण्याचे समर्थन मला आजवर कोणी देऊ शकलेले नाही.

याच्याशी जोडलेली आणखी एक तांत्रिक चूक डेव्हलपर मित्रांच्या लक्षात आणून देते, कारण ती स्क्रीनवर दिसत नाही. फॉर्मच्या आत लिहिलेल्या बटणाला प्रकार दिला नाही, तर ब्राउझर ते सादर करण्याचेच बटण मानतो. शिवाय रकान्यात टाइप करताना एंटर दाबले, तर फॉर्ममध्ये क्रमाने जे पहिले सादर-बटण असेल ते दाबले गेले असे धरले जाते. आता ‘मसुदा काढून टाका’ किंवा ‘मागे जा’ हे बटण कोडमध्ये आधी लिहिलेले असेल आणि त्याला प्रकार दिलेला नसेल, तर एंटर दाबणाऱ्या माणसाचा अर्ज पुढे जाण्याऐवजी भलतीकडेच जातो. केंद्रांवरचे जुने, तयार हाताचे संगणक परिचालक माउसपेक्षा कीबोर्डवर जास्त काम करतात, त्यामुळे हा फटका नेमका वेगाने काम करणाऱ्यांना बसतो. प्रत्येक बटणाला प्रकार स्पष्ट लिहा. सीएसएसमधल्या, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या, ‘ऑर्डर’ किंवा ‘रो-रिव्हर्स’ या आज्ञांनी बटणांची दिसणारी अदलाबदल करू नका, कारण डोळ्यांना दिसणारा क्रम आणि टॅब कळीने फिरणारा क्रम वेगळा झाला की कीबोर्ड वापरणारा माणूस अंधारात चालू लागतो.

आता मुख्य बटणाविषयी. एका पानावर एकच मुख्य कृती असते आणि तिचे बटण एकच, भरीव रंगाचे असावे. बाकीची बटणे त्याच्यापुढे शांत दिसली पाहिजेत. बूटस्ट्रॅपसारखा बटणे-रकान्यांचा तयार संच वापरताना निळे, हिरवे, पिवळे, लाल अशी सगळी भरीव बटणे हाताशी असतात आणि ‘जतन करा’ निळे, ‘पुढे जा’ हिरवे, ‘मुद्रण’ पिवळे, ‘रद्द’ लाल अशी रांग सहज उभी राहते. बैठकीत ती रंगीत रांग आकर्षक वाटते आणि मंजूर होते. पण चारही बटणे सारख्याच जोराने बोलावत असतील, तर त्यांतले कोणतेच बोलावत नाही. दुय्यम कृतींना फक्त कडा असलेले बटण द्यावे, आणि दुसऱ्या पानावर जायचे असेल तिथे साधी लिंक द्यावी. लिंक माणसाला कुठेतरी नेते आणि बटण काहीतरी करते. हा फरक दिसण्यातही राहिला, की वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने अंदाज बांधावा लागत नाही.

जागेच्या बाबतीत आपल्याकडे एकवाक्यता अजिबात नाही. विंडोजच्या संवादपेटीत होकाराचे बटण नकाराच्या डावीकडे असते, तर मॅकमध्ये होकाराचे बटण उजव्या टोकाला असते. दोन्ही पद्धती वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत आणि त्यांच्यात श्रेष्ठ कोणती यावर भांडण्यात अर्थ नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा एकाच संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर ‘पुढे’ उजवीकडे, दुसऱ्या पानावर डावीकडे आणि शेवटच्या पानावर मधोमध असते, कारण तिन्ही पाने तीन वेगळ्या माणसांनी केलेली असतात. माझे मत विचाराल तर, फॉर्म असलेल्या पानावर मुख्य बटण रकान्यांच्या डाव्या कडेला, शेवटच्या रकान्याच्या लगेच खाली असावे. मराठी वाचणाऱ्याची नजर एकामागून एक रकाने भरताना त्याच डाव्या कडेने खाली उतरत असते. ज्यांना कमी दिसते ते स्क्रीन मोठी करून तिचा एकेक तुकडा पाहतात. उजव्या कोपऱ्यातले बटण त्यांच्या तुकड्यात येतच नाही. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिमनेही मुख्य बटण फॉर्मच्या डाव्या कडेलाच ठेवावे असे सांगितले आहे, आणि मागे जाण्यासाठी पानाच्या वरच्या भागात एक साधी लिंक दिली आहे. ‘मागे’ आणि ‘पुढे’ एकमेकांना खेटून ठेवण्यापेक्षा हे मला अधिक पटते.

मोबाइलवर हेच बटण पूर्ण रुंदीचे करावे आणि दुय्यम बटण त्याच्याखाली मोकळी जागा सोडून यावे. तळाशी चिकटून राहणाऱ्या पट्टीत बटण ठेवायचे असेल, तर कीबोर्ड उघडल्यावर ती पट्टी चालू रकानाच झाकत नाही ना, हे खऱ्या आणि स्वस्त फोनवर पाहावे.

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडलेला नियम आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचला आहे : लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ अधिक. आपण या नियमाचा एकच अर्थ घेतो आणि मुख्य बटण मोठे व जवळ ठेवतो. त्याची दुसरी बाजूही तितकीच उपयोगाची आहे. खाते बंद करणे, अर्ज मागे घेणे, यादीतले नाव काढणे अशा कृतींना मुद्दाम अंतर द्यावे, त्यांना वेगळ्या विभागात ठेवावे, म्हणजे तिथे पोहोचायला माणसाला ठरवूनच जावे लागेल. त्यातही शक्य असेल तिथे कृती उलटवण्याची सोय द्यावी, कारण ‘तुम्हाला खात्री आहे का?’ ही पेटी रोज दिसू लागली की लोक ती न वाचता दाबतात. पेटी द्यावीच लागली तर तिच्यातल्या बटणांवर नुसते ‘होय’ आणि ‘नाही’ लिहू नये. ‘अर्ज मागे घ्या’ आणि ‘अर्ज तसाच ठेवा’ असे लिहिले, तर वरचा प्रश्न न वाचणाऱ्यालाही आपण काय करतो आहोत ते कळते.

आकाराचे आकडे स्पष्ट आहेत. वेबच्या सुगम्यतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी, यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिने मधल्या ‘एए’ पातळीसाठी दाबायच्या जागेचा किमान आकार २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल ठरवला, काही अपवादांसह. सर्वांत वरच्या ‘एएए’ पातळीसाठी तो ४४ गुणिले ४४ आहे. ॲपल ४४ पॉइंट सांगते, गूगलची अँड्रॉइडसाठीची शिफारस ४८ डीपीची, म्हणजे प्रत्यक्ष स्क्रीनवर सुमारे ९ मिलिमीटरची आहे. बूटस्ट्रॅपचे नेहमीचे बटण ३८ पिक्सेल उंच असते आणि लहान बटण ३१ पिक्सेल. म्हणजे तयार संच जसाच्या तसा वापरला, तर आपण किमान अट पाळतो, पण बोटासाठी सुचवलेल्या मापापर्यंत पोहोचत नाही. खरा घोटाळा तक्त्यांत होतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळा, पेन्सिल आणि कचरापेटी अशी इवलीशी चिन्हे शेजारी शेजारी असतात, त्यांच्याखाली शब्द नसतो, आणि पेन्सिलीवर टेकवलेले बोट कचरापेटीवर पडते. शेतात काम करून घट्टे पडलेल्या बोटांचा, वयामुळे थरथरणाऱ्या हातांचा, ‘आपली बस’मध्ये उभ्याने एका हाताने फोन चालवणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार त्या तक्त्यात झालेला नसतो. तिथे ‘पाहा’ हा एकच शब्द द्यावा आणि बदलण्याची व काढण्याची सोय आतल्या पानावर न्यावी.

देवनागरीमुळे येणाऱ्या अडचणी तर आपल्याशिवाय कोणी सोडवणार नाही. बहुतेक पानांचा आराखडा इंग्रजी शब्द टाकून होतो आणि मराठी मजकूर शेवटी भरला जातो. मग ठरावीक उंचीच्या बटणात वेलांटी, मात्रा आणि रफार वरून कापले जातात, उकार आणि ऋकार खालून नाहीसे होतात. ठरावीक रुंदीमुळे ‘कागदपत्रे अपलोड करा’ यातले शेवटचे ‘करा’ बाहेर पडते किंवा तीन टिंबांत लपते. याचा उपाय अवघड नाही : उंची ठरवून टाकण्याऐवजी किमान उंची द्यावी, वरखाली पुरेसे पॅडिंग (मजकूर आणि कडा यांमधली मोकळी जागा) द्यावे, ओळीची उंची अक्षरांच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडी अधिक ठेवावी आणि मजकूर दोन ओळींत गेला तरी बटणाने तो सामावून घ्यावा. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची लॅटिन लिपीतली आवडती युक्ती इथे अजिबात वापरू नये, कारण शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे होतात. जोर देण्यासाठी सगळी अक्षरे मोठी करण्याची आज्ञा देवनागरीवर काहीच परिणाम करत नाही, त्यामुळे ज्या आराखड्यात मुख्य बटण केवळ मोठ्या अक्षरांमुळे उठून दिसत होते, त्यात मराठी भरताच ते बाकीच्यांत मिसळून जाते. जोर वजनाने आणि रंगाने आणावा. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फाँट मोफत आहेत आणि त्यांत अनेक वजने उपलब्ध आहेत. फिग्मा या आराखडे काढण्याच्या साधनात पहिली चौकट आखाल तेव्हाच खरा मराठी मजकूर टाका, तोही सर्वांत लांब असेल तो.

रंगाच्या बाबतीत नागपूरकरांना एक विशेष विनंती आहे. संत्रानगरीतले म्हणून नारिंगी रंग आपल्याला जवळचा वाटतो आणि तो इथल्या अनेक पानांवर मुख्य बटणाचा रंग म्हणून येतो, त्यावर पांढरी अक्षरे लिहिलेली असतात. डब्ल्यूसीएजीनुसार साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा. सीएसएसमध्ये ‘ऑरेंज’ या नावाने मिळणाऱ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट २ : १ सुद्धा भरत नाही, आणि ‘डार्कऑरेंज’वर तो सुमारे २.३ : १ येतो. म्हणजे गडद म्हणवणारा नारिंगीदेखील आवश्यक मर्यादेच्या जवळपास निम्म्यावरच राहतो. त्याच नारिंगीवर काळी अक्षरे ठेवली, तर कॉन्ट्रास्ट ९ : १ च्या आसपास जातो. रंग सोडण्याची गरज नाही, अक्षरांचा रंग बदलला की काम होते. हा आग्रह पुस्तकी नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा कळमन्याच्या बाजारात किंवा सीताबर्डीच्या रस्त्यावर फोन हातात धरला की स्क्रीनवर पडणाऱ्या उन्हाने उरलासुरला फरकही धुऊन निघतो आणि ‘पैसे भरा’ हे शब्द दिसतच नाहीत. वातानुकूलित खोलीतल्या मोठ्या मॉनिटरवर मंजूर झालेला रंग एकदा दुपारी बाहेर नेऊन पाहा. तसेच फक्त लाल आणि हिरव्या रंगावर होकार-नकाराचा भार टाकू नका. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांच्यासाठी बटणावरचा शब्द आणि बटणाचे रूप यांनीच अर्थ सांगितला पाहिजे.

बटणाला एकच चेहरा नसतो, हेही आराखड्यात विसरले जाते. टॅबने त्यावर आल्यावर, दाबताना, काम चालू असताना आणि काम झाल्यावर ते कसे दिसेल, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. टॅबने आल्यावर दिसणारी कडा ‘कुरूप दिसते’ म्हणून एका ओळीत काढून टाकण्याची सवय फार पसरली आहे. ती कडा काढली की कीबोर्डवर काम करणाऱ्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. आवडत नसेल तर सीएसएसमधले ‘फोकस-व्हिजिबल’ वापरून तिला चांगले रूप द्या, पण ती ठेवा. माउस नेल्यावर रंग बदलणे हा मोबाइलवर निरुपयोगी इशारा आहे, कारण बोट स्क्रीनवर तरंगत नाही.

यांतली सर्वांत महत्त्वाची अवस्था मला काम चालू असतानाची वाटते. परीक्षा शुल्काच्या शेवटच्या तारखेला सर्व्हर मंदावतो, बटण दाबूनही काही हलत नाही, विद्यार्थी पुन्हा दाबतो आणि खात्यातून दोनदा पैसे जातात. परतावा मिळेपर्यंतचे दिवस त्या घराला किती लांब वाटतात, हे शुल्क जमवून आणणाऱ्या पालकांना विचारावे. पहिल्या दाबण्याबरोबर बटणावरचा मजकूर ‘शुल्क भरले जात आहे, थांबा’ असा बदलला पाहिजे, दुसरे दाबणे निष्फळ ठरले पाहिजे, आणि तेवढ्यावर न थांबता सर्व्हरनेही प्रत्येक व्यवहाराला एक खूण देऊन तोच व्यवहार दुसऱ्यांदा नाकारला पाहिजे. नुसत्या स्क्रीनवरच्या उपायावर विसंबू नये, कारण पान पुन्हा उघडून दाबणाऱ्याला तो रोखत नाही.

याउलट, फॉर्म अपुरा आहे म्हणून मुख्य बटण फिकट आणि निर्जीव करून ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही. फिकट बटण दाबून काहीच होत नाही आणि कारणही कळत नाही. एखाद्या रकान्यात एक अंक कमी पडला आहे, हे शोधत माणूस पान वरखाली करत बसतो. बटण जिवंत ठेवा, दाबू द्या, आणि नेमका कोणता रकाना का अडला ते मराठीत, त्या रकान्यापाशी सांगा.

अंध आणि अल्पदृष्टी नागरिकांविषयी लिहिताना मी याचना करत नाही, कायद्याची आठवण करून देते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता हा त्याचा भाग आहे. सरकारी संकेतस्थळे व ॲप यांच्यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती, जीआयजीडब्ल्यू ३.०, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. या सगळ्याचा बटणाशी थेट संबंध आहे. बटणासाठी एचटीएमएलमध्ये असलेला खास घटक सोडून एखाद्या साध्या ‘डिव्ह’ला, म्हणजे नुसत्या चौकटीला, रंग देऊन त्यावर क्लिक जोडले, तर ते बटणासारखे फक्त दिसते. टॅबने तिथे पोहोचता येत नाही, एंटर आणि स्पेसने ते चालत नाही, आणि एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ‘हे बटण आहे’ असे सांगत नाही. खरा घटक वापरला की या सगळ्या सोयी एकही जास्तीची ओळ न लिहिता मिळतात. ज्या बटणावर फक्त चिन्ह आहे, त्याला मराठीत वाचता येईल असे नाव द्या. ते नाव नसेल तर स्क्रीन रीडर नुसते ‘बटण’ म्हणतो, आणि एका पानावर अशी सात-आठ बटणे असली की ऐकणाऱ्याला काहीच हाती लागत नाही.

व्यापारी, क्लासचालक आणि सभागृह-नोंदणीवाल्या मंडळींसाठीही कायदा आहे, हे अनेकांच्या गावी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवून हवे ते करायला लावणाऱ्या रचना, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत १३ प्रकार नोंदवले. ‘घ्या’ ठळक आणि ‘नको’ पार्श्वभूमीत विरघळलेले, नकाराच्या बटणावर ‘मला माझ्या मुलाच्या भवितव्याची काळजी नाही’ अशा धाटणीचे लाजवणारे वाक्य, वर्गणी एका बटणात सुरू आणि बंद करायला पाच पाने, हे सारे त्या यादीत बसते. पालकांच्या काळजीवर असे बटण उभारणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते, आणि ‘ग्राहकानेच तसे करायला सांगितले’ हे डिझायनरचे उत्तर मी माझ्या वर्गात स्वीकारत नाही.

आता मान्यता देणाऱ्यांकडे वळते. डेव्हलपर मंडळी पुष्कळदा योग्य तेच सुचवतात, पण बैठकीत ‘हे बटणही खाली टाका’, ‘तेही टाका’, ‘आमच्या विभागाचे थोडे मोठे करा’ असे होत पानाच्या तळाशी गर्दी जमते. निविदेत पानांची संख्या, मुदत आणि दंड लिहिलेला असतो, बटणांविषयी एक शब्द नसतो, त्यामुळे योग्य गोष्टीसाठी भांडणाऱ्या डेव्हलपरच्या हातात दाखवायला कागद नसतो. तो कागद आपण द्यावा. पुढच्या प्रत्येक निविदेत आणि कार्यादेशात एक लहानसे परिशिष्ट जोडावे : एका पानावर एकच मुख्य बटण आणि त्याची जागा सर्व पानांवर एक, फॉर्ममध्ये रीसेट नाही, न उलटणाऱ्या कृती वेगळ्या विभागात, दाबायची जागा किमान ४४ पिक्सेल, कॉन्ट्रास्ट ४.५ : १, सर्व तपासणी मराठी मजकुरासह, केवळ कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरने संपूर्ण अर्ज पूर्ण करून दाखवल्याशिवाय अंतिम देयक नाही. यांतले बहुतेक मुद्दे ब्राउझरमधल्या साध्या साधनांनी एका दुपारी तपासता येतात.

परिशिष्टाचा मसुदा तयार करायला आणि संकेतस्थळ सुरू होण्याआधी ते सेवा केंद्रावर खऱ्या लोकांसमोर ठेवून पाहायला माझे विद्यार्थी आणि मी विनामोबदला यायला तयार आहोत. काटोल-नरखेडकडून येणारे शेतकरी, इतवारीतले दुकानदार, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुले आणि अंध विद्यार्थी यांना सोबत बसवूनच ही तपासणी व्हावी, एवढी आमची अट असेल. नव्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशांची आणि शिष्यवृत्त्यांची पाने उघडण्यापूर्वी ती व्हावी अशी विनंती आहे, कारण मुदतीच्या दिवसांत चालू पानावरची बटणे हलवणे हे स्वतःच एक नवे संकट असते. ज्या कार्यालयात काम आधीच सुरू आहे, त्यांनी निदान ‘रीसेट’ बटण या आठवड्यातच काढून टाकावे. त्यासाठी निविदा लागत नाही.

आपली विश्वासू,
वेब डिझाइनची एक शिक्षिका
नागपूर